कर्नल अपडेटनंतर ॲप बंद पडलं? काहीही पुसायच्या आधी हा क्रम पाळा

रात्री सर्व्हर अपडेट केला, सकाळी ॲप चालेना. यानंतर बहुतेक जण काय करतात तर आधी ॲप काढून परत टाकतात, मग कंटेनर (ॲप आणि त्याच्या लायब्रऱ्यांचा बंद डबा) नव्याने बनवतात, मग राहिलेली पॅकेजेसपण अपडेट करून बघतात आणि शेवटी डिस्क भरली म्हणून ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजेस काढणारी कमांड) मारतात, ज्यात जुना कर्नलच, म्हणजे लिनक्सचा जुना गाभाच, उडतो. चार तास गेले आणि ज्याच्याशी ताडून बघितलं असतं तर दोष सापडला असता, नेमकी तीच गोष्ट हातातून गेली.

हा लेख लिनक्सबद्दल आहे. ॲपमध्ये बग नाही, कर्नलमध्येही म्हटलं तर बग नाही, पण ॲप अशा एखाद्या सवयीवर उभं होतं जी कर्नलने कुठेच लिहून दिली नव्हती, आणि ती सवय एका अपडेटमध्ये बदलली. अशा वेळी नक्की काय करायचं आणि कुठल्या क्रमाने, एवढंच यात आहे. कमांड आपण बोलतो तशा लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजीत करा.

## ०. तयारी (ही अपडेटच्या आधी करायची, नंतर नाही)

अपडेट होऊन गेलं असेल तरी हा भाग वाचा, यातलं अर्धं अजूनही करता येतं.

- आत्ता चालू असलेला कर्नल कुठला ते 'यूनेम -आर' मारून लिहून ठेवा. कागदावर लिहा, त्याच मशीनवरच्या फाइलमध्ये नको, कारण मशीनच उठलं नाही तर फाइल बघणार कशी.
- बूट पार्टिशनमध्ये जागा बघा. कमीत कमी दोन कर्नल बसले पाहिजेत, तीन बसले तर उत्तम. फेडोरात डीएनएफ हा पॅकेज मॅनेजर आपोआप तीन ठेवतो. उबंटू-डेबियनवर ऑटोरिमूव्ह चालू कर्नलला सहसा हात लावत नाही, पण मधे दोन अपडेट येऊन गेले की तुमचा 'चांगला' कर्नल तिसऱ्या नंबरवर जातो आणि गपचूप निघून जातो.
- ग्रबचा, म्हणजे बूट होताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू दिसू द्या. टाइमआउट शून्य ठेवून मेन्यू लपवायची फॅशन आहे, सर्व्हरवर ती नको. टाइमआउट ५ करा, ग्रब डिफॉल्ट 'सेव्ह्ड' करा, अपडेट-ग्रब चालवा आणि 'ग्रब-सेट-डिफॉल्ट' ने चालणारा जुना कर्नल डिफॉल्ट म्हणून नोंदवा. याचा फायदा असा की मग 'ग्रब-रीबूट' वापरून नवा कर्नल फक्त एकदाच बूट करता येतो. बिघडला तर पॉवर बंद-चालू केली की मशीन आपोआप जुन्यावर येतं. मशीन दुसऱ्या गावात असेल तर कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=१०' घाला, म्हणजे पॅनिक झाल्यावर (कर्नल स्वतःच कोसळल्यावर) दहा सेकंदांनी ते स्वतःच रीबूट होईल आणि कुणाला तरी फोन करून 'जरा बटण दाबता का' असं विनवावं लागणार नाही.
- जर्नल, म्हणजे सिस्टमचे लॉग, डिस्कवर टिकू द्या. व्हार-लॉगमध्ये 'जर्नल' नावाचं फोल्डर नसेल तर रीबूटबरोबर मागचे लॉग पुसले जातात, आणि आपल्याला मागचेच हवे असतात.
- ॲप 'चालतंय' म्हणजे काय ते एका स्क्रिप्टमध्ये लिहा. लॉगिन होतं, एक रेकॉर्ड लिहिलं जातं, परत वाचलं जातं, बाहेर पडताना कोड शून्य येतो. हे आता फालतू वाटेल, पायरी ५ ला याच स्क्रिप्टवर सगळं उभं आहे.

थांबा आणि तपासा: जुना कर्नल मेन्यूत दिसतोय का हे रीबूट करून डोळ्याने बघितलं का? 'असेल' म्हणून सोडू नका.

## १. दोष खरंच कर्नलचा आहे का

रात्रीच्या अपडेटमध्ये एकटा कर्नल क्वचित येतो. त्याच्याबरोबर जीलिबसी (बहुतेक प्रोग्राम जिच्यावर चालतात ती सी लायब्ररी), सिस्टमडी (सेवा सुरू करणारा), डॉकर (कंटेनर चालवणारा), फर्मवेअर असं सगळं वऱ्हाड येतं. म्हणून पहिलं काम एकच: बाकी कशालाही हात न लावता फक्त जुना कर्नल बूट करा आणि स्क्रिप्ट चालवा. जुन्यावर चाललं तर परत नव्यावर जाऊन पडतंय का बघा, मग परत जुन्यावर या. दोन्ही बाजूंनी दोनदा. एकदाच बघून 'कर्नलच आहे' म्हणणारे नंतर तोंडावर पडतात, कारण कधीकधी नुसत्या रीबूटनेच ॲप बरं होतं.

जुन्या कर्नलवरही पडलं तर कर्नलला सोडा. या ठिकाणी लोक हमखास फसतात ती तीन उदाहरणं सांगतो.

२०२१ मध्ये जीलिबसी २.३४ आली आणि ती नवीन थ्रेड बनवायला 'क्लोन३' हा सिस्टम कॉल (कर्नलकडे काम मागायचा रस्ता) वापरायला लागली. जुन्या डॉकरचा सेककॉम्प फिल्टर (कुठले कॉल चालतील ते ठरवणारा) या कॉलला ओळखत नव्हता, आणि 'असा कॉलच नाही' म्हणजे एनोसिस असं उत्तर देण्याऐवजी 'परवानगी नाही' म्हणजे ईपर्म असं देत होता. एनोसिस आलं असतं तर जीलिबसी गुपचूप जुन्या क्लोनवर गेली असती, ईपर्म बघून मात्र ती हार मानायची. बाहेरून दिसताना 'नव्या इमेजमध्ये थ्रेड बनत नाहीत', आणि लोक कर्नलला शिव्या घालत होते. इलाज होता डॉकर २०.१०.१० किंवा पुढचं टाकणं.

दुसरं, प्रोसेस आयडी. पूर्वी ते ३२७६८ च्या आत असायचे. सिस्टमडी २४३ पासून ६४ बिट मशीनवर ही मर्यादा ४१९४३०४ झाली. ज्यांनी पीआयडी पाच आकडी धरून रकाना आखला होता किंवा १६ बिटात कोंबला होता त्यांची पंचाईत झाली. कर्नलला हे आकडे आधीपासून चालत होते, फक्त सेटिंग बदललं.

तिसरं, कर्नल तोच पण त्याचं कॉन्फिग वेगळं. बूट फोल्डरमध्ये प्रत्येक कर्नलची कॉन्फिग फाइल असते, दोन्हींचा डिफ (फरक) काढा. डिस्ट्रोवाल्यांनी (उबंटू, डेबियन वगैरे) एखादा पर्याय बंद केलेला असतो आणि आपण मेनलाइनच्या, म्हणजे मूळ कर्नलच्या, नावाने बोटं मोडत बसतो.

तपासा: ॲपबरोबर बाहेरचं मॉड्यूल (कर्नलमध्ये जोडला जाणारा कोड) येतं का, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्स, एखादा अँटीव्हायरस? येत असेल तर डीकेएमएसने (मॉड्यूल आपोआप परत बिल्ड करणारं साधन) ते नव्या कर्नलसाठी बनवलं का ते आधी बघा. मॉड्यूलची गोष्ट वेगळी आहे, कर्नलच्या आतल्या फंक्शनबद्दल कसलंच वचन नाही. ५.७ मध्ये 'कॉलसिम्स लुकअप नेम' हे फंक्शन मॉड्यूलना देणं बंद केलं तेव्हा त्यावर जगणारी मॉड्यूलं बसली ती बसलीच, आणि तिथे तक्रारीला जागा नव्हती.

## २. पुरावा गोळा करा, दहा मिनिटं द्या

ग्राहक डोक्यावर उभा असतो मान्य आहे. तरी जुन्या कर्नलवर कायमचं परतायच्या आधी नव्यावर एवढं करून घ्या.

१. 'डीमेसेज', म्हणजे कर्नलचा लॉग, पूर्ण फाइलमध्ये उतरवा. रीबूट झाला असेल तर 'जर्नलसीटीएल -के -बी -१', म्हणजे मागच्या बूटचा कर्नल लॉग.

२. ॲपचा एक्झिट कोड बघा. १३९ म्हणजे १२८ अधिक ११, सेगफॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावला). १३७ म्हणजे किल, बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून.

३. 'एसट्रेस -एफ -ओ' (ॲपचे सिस्टम कॉल टिपणारं साधन) लावून दोन्ही कर्नलवर एकेक ट्रेस घ्या. 'एफ' विसरू नका, नाहीतर चाइल्ड प्रोसेसमध्ये काय झालं ते दिसतच नाही. मग दोन्ही फाइलींतले पत्ते आणि पीआयडी सेड कमांडने काढून टाका आणि डिफ बघा. नजर कुठे ठेवायची तर पहिल्या वेगळ्या उत्तरावर. पहिल्या एररवर थांबू नका, निरोगी प्रोग्रामच्या ट्रेसमध्येसुद्धा 'फाइल नाही' अशा ओळींची रांग असते.

एसट्रेस लावला की ॲप चालायला लागतं असं झालं तर वैतागू नका, ती मोठी खूण आहे. एसट्रेसने सगळं मंदावतं, त्यामुळे वेळेवर अवलंबून असलेला घोळ लपतो. मग 'पर्फ ट्रेस' वापरा, तो हलका असतो.

माझ्या एका ग्राहकाकडचा किस्सा. हिशोबाचा जुना प्रोग्राम, सेंटओएस ६ च्या कंटेनरमध्ये कोंडलेला, कारण बनवणारा कधीच धंदा बंद करून गेलेला. खालच्या मशीनवर डेबियन नवं टाकलं आणि कंटेनर उठेना, लॉग कोरा, नुसता १३९. तिथल्या मुलाने तीनदा इमेज नव्याने ओढली, चौथ्या वेळी डेटाचं व्हॉल्यूम पुसायला निघाला होता, नशीब की त्याआधी फोन केला. मी सांगितलं काही करू नकोस, डीमेसेजची शेवटची ओळ वाच. त्याने वाचली, 'व्हीसिसकॉल अटेम्प्टेड विथ व्हीसिसकॉल=नन'. झालं, दोष सापडला. फोन चालू होता दीड मिनिट.

## ३. ॲप कशावर टेकलं होतं ते ओळखा

वरच्या ओळीचा अर्थ असा. वेळ विचारणं स्वस्त पडावं म्हणून जुन्या ६४ बिट लिनक्समध्ये मेमरीचं एक पान (व्हीसिसकॉल) कायम ठरलेल्या पत्त्यावर असायचं, सेंटओएस ६ ची जीलिबसी २.१२ थेट तिथे उडी मारते. ठरलेला पत्ता हल्लेखोराच्याही कामाचा, म्हणून डेबियनने ९ पासून ते पान मुळातच बंद केलं. कंटेनरमध्ये युजरलँड (कर्नल सोडून बाकीचे प्रोग्राम आणि लायब्रऱ्या) जुनं असतं पण कर्नल खालचाच, त्यामुळे तो साधा बॅशसुद्धा (कमांड घेणारा शेल) उघडेना.

असे घोळ ठरावीक घराण्यांतले असतात. तुमचं कुठलं ते बघा.

आवृत्तीचा आकडा वाचणारे. सगळ्यात बालिश आणि सगळ्यात जास्त. २०११ मध्ये २.६.३९ नंतर ३.० आलं आणि '२.६' शोधणारे प्रोग्राम पडले. त्यांच्यासाठी ३.१ मध्ये चक्क खोटं बोलायची सोय करावी लागली, 'सेटआर्च --यूनेम-२.६' लावलं की कर्नल स्वतःला २.६.४० च्या पुढचा काहीतरी म्हणवतो. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये ४.४ आणि ४.९ या मालिकांचा शेवटचा आकडा २५६ ला पोचला. तो आठ बिटात ठेवलेला, म्हणजे २५५ च्या पुढे जागा नाही, ४.९.२५६ हे ४.१० सारखं दिसणार. शेवटी आवृत्तीच्या मॅक्रोत तो आकडा २५५ वरच अडवून ठेवला.

प्रोक-सिस मधला (कर्नल आपली माहिती दाखवतो त्या फोल्डरांतला) मजकूर फोडणारे. एआरएम प्रोसेसरवर सीपीयू-इन्फोमधली 'बोगोमिप्स' ही ओळ निरर्थक म्हणून २०१३ मध्ये काढली. नावातच बोगस आहे, कोण वापरणार? वापरत होते. जानेवारी २०१५ मध्ये ती परत घालावी लागली.

जागं होण्याच्या वेळेवर टेकलेले. हे घराणं सगळ्यात वाईट, कारण यात एरर येतच नाही, ॲप नुसतं बसून राहतं. ५.५ मध्ये पाइपचा (एका प्रोसेसकडून दुसरीकडे डेटा नेणाऱ्या नळीचा) कोड नव्याने लिहिला आणि त्यात एक शहाणपण केलं: पाइप रिकामा असेल तरच वाचणाऱ्याला उठवायचं, आधीच माल पडून असेल तर पुन्हा उठवून काय उपयोग. कागदावर अगदी बरोबर. पण अँड्रॉइडवर रिअल्म नावाची लायब्ररी ईपोल एज-ट्रिगर्ड (नवीन काही घडलं तरच घंटा वाजवणारी सोय) लावून बसलेली, ती पाइप कधी पूर्ण रिकामा करायचीच नाही, प्रत्येक नवीन लिखाणाला घंटा वाजते हे गृहीत धरून चाललेली. घंटा वाजायची बंद झाली आणि ती वापरणारी ॲप्स लटकली. ५.५ आलं जानेवारी २०२० मध्ये, तक्रार पोचली जुलै २०२१ मध्ये, दीड वर्षाने. तरीही लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्सने वागणूक परत फिरवली आणि दुरुस्ती ५.१४ मध्ये गेली.

मेमरीच्या मांडणीवर टेकलेले. जून २०१७ मध्ये स्टॅक क्लॅश नावाच्या सुरक्षेतल्या भोकासाठी स्टॅकखालची राखीव जागा एका पानावरून २५६ पानांवर नेली, म्हणजे ४ केबीची १ एमबी झाली. ३२ बिट डेबियनवर जावाची काही ॲप्स धडाधड पडली, कारण ती स्टॅकच्या अगदी खेटून आपली पानं मांडत होती. पानाच्या आकाराचंही तेच. ४०९६ हा आकडा कोडमध्ये ठोकलेला असतो, मग रास्पबेरी पाय ५ वर १६ केबी पानांचा कर्नल समोर आला की ४ केबी धरून बनवलेलं जेमॅलॉक (मेमरी वाटणारी लायब्ररी) 'पानाचा आकार चालत नाही' म्हणून बसतं.

डिस्कवर आपोआप लिहिलं जातं असं मानणारे. ईएक्सटी३ या फाइलसिस्टमवर फाइल लिहून नाव बदललं की पाच-एक सेकंदांत सगळं जागेवर. ईएक्सटी४ ने लिहिणं लांबवायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये लाइट गेल्यावर लोकांच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या झाल्या. पॉसिक्स या स्टँडर्डने कधीच हमी दिली नव्हती, पण लोकांना त्याचं काय. २.६.३० मध्ये 'नाव बदलताना आधी डेटा लिही' अशी खास सवलत घातली.

आणि एक जात अशी की जिचं बदललेल्या कोडशी नातंच दिसत नाही. २०१९ मध्ये ५.३ ची तयारी चालू असताना ईएक्सटी४ मध्ये डिस्कच्या फेऱ्या कमी करणारी सुधारणा आली. फेऱ्या कमी म्हणून इंटरप्ट (हार्डवेअरच्या कर्नलला हाका) कमी, इंटरप्ट कमी म्हणून रँडम आकड्यांसाठी लागणारा कचरा (अंदाज न येणाऱ्या घटना) जमेना, आणि बूट होताना 'गेटरँडम' मागणारा लॉगिन स्क्रीन वाट बघत अडकला, कीबोर्ड बडवला की पुढे सरकायचा. चांगली चाललेली ईएक्सटी४ ची सुधारणा ५.३ निघायच्या अगदी तोंडावर मागे घेतली आणि ५.४ मध्ये रँडमच्या बाजूने खरा उपाय केला. म्हणून बायसेक्टने (दोषी बदल शोधायची पद्धत, पायरी ५) एखादं भलतंच कमिट (कोडमधला एक नोंदलेला बदल) दाखवलं तर लगेच 'माझंच चुकलं' म्हणू नका.

## ४. आजचं काम चालू करा

सगळ्यात सुरक्षित म्हणजे जुना कर्नल आणि त्यावर होल्ड (अपडेट होऊ न देणं): उबंटू-डेबियनवर 'एपीटी-मार्क होल्ड', फेडोराकडे 'ग्रबी' ने डिफॉल्ट बदला. होल्ड लावताना मेटापॅकेजलाही (नवीन कर्नल ओढून आणणाऱ्या पॅकेजला) लावा, नाहीतर पुढच्या अपडेटला नवीन कर्नल परत शिरतो.

दुसरा रस्ता बूट पॅरामीटरचा. जुन्या कंटेनरसाठी 'व्हीसिसकॉल=एम्युलेट', स्टॅकच्या घोळासाठी 'स्टॅक_गार्ड_गॅप', पाय ५ वर कॉन्फिग फाइलमध्ये 'कर्नल=कर्नल८.आयएमजी'.

सावधान: पहिले दोन सुरक्षेचं दार थोडं किलकिलं करतात. ते पूर्ण मशीनला लागू होतं, एकट्या कंटेनरला नाही. आणि 'मिटिगेशन्स=ऑफ' (प्रोसेसरच्या सुरक्षा दोषांवरचे उपाय बंद करणं) हे कुणीतरी सांगितलं म्हणून घालू नका, त्याचा या प्रकाराशी काही संबंध नसतो. मशीन बाहेरच्या जगाला उघडं असेल तर जुना कर्नलही फार दिवस चालवण्यासारखा नाही, आठवडाभर ठीक.

## ५. नेमकं कमिट शोधा

ॲप तुमचं स्वतःचं असेल आणि पायरी ३ ला कारण कळलं असेल तर ही पायरी सोडून सरळ ७ वर जा. ॲप दुसऱ्याचं असेल किंवा कारणच समजत नसेल तर गिट बायसेक्टला पर्याय नाही. घाबरू नका, दोन मोठ्या आवृत्त्यांमध्ये बारा-पंधरा हजार कमिट असतात पण दरवेळी निम्मे होतात, म्हणजे साधारण चौदा वेळा बिल्ड आणि बूट.

क्रम असा:

१. सगळी यूएसबी, प्रिंटर, डोंगल जोडलेलं ठेवून, चांगल्या चालणाऱ्या कर्नलवर 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' करा. हे फक्त आत्ता लोड असलेली मॉड्यूल्स ठेवतं म्हणून बिल्ड झटपट होतो, पण जे जोडलं नव्हतं ते नव्या कर्नलमध्ये नसणारच. मी एकदा नेटवर्कचा यूएसबी डोंगल काढून ठेवला होता. पुढचं सांगत नाही.

२. डीबग इन्फो बंद करा, नाहीतर डिस्क भरते. डेबियन-उबंटूचं कॉन्फिग घेतलं असेल तर 'सिस्टम ट्रस्टेड कीज' रिकामं करा, त्यात त्यांच्या सर्टिफिकेटचा पाथ असतो जो तुमच्याकडे नसतो आणि बिल्ड तिथेच मरतो. सिक्युअर बूट बंद करा, तुम्ही बनवलेल्या कर्नलवर त्यांची सही नाही.

३. आता बायसेक्ट सुरू करू नका. आधी 'चांगली' आवृत्ती याच कॉन्फिगने स्वतः बनवा आणि चालते ते बघा. मग 'वाईट' बनवा आणि पडते ते बघा. ही पायरी गाळणारे सातव्या फेरीला येऊन म्हणतात की सगळेच चांगले निघतायत, तेव्हा कळतं की दोष डिस्ट्रोच्या पॅचमध्ये किंवा कॉन्फिगमध्ये होता.

४. मग गिट बायसेक्ट स्टार्ट, गुड, बॅड. दर फेरीला 'मेक ओल्डडेफकॉन्फिग', बिल्ड, बूट, 'यूनेम -आर' बघून खरंच नवाच कर्नल बूट झालाय ना ती खात्री, मग स्क्रिप्ट. बिल्ड झालाच नाही किंवा दुसऱ्याच कारणाने बूट झाला नाही तर 'स्किप', अंदाजाने 'बॅड' म्हणू नका.

५. दर दोन-तीन फेऱ्यांनी 'गिट बायसेक्ट लॉग' फाइलमध्ये ठेवा. एक चूक झाली तर तिथवरचं परत वापरता येतं.

आता अधूनमधून पडणाऱ्या ॲपबद्दल, कारण सगळ्यांची वाट इथेच लागते. समजा वीस वेळा चालवल्यावर एकदा लटकतं. साठ वेळा चालवून एकदाही लटकलं नाही म्हणून 'गुड' म्हटलं, तरी सुमारे पाच टक्के शक्यता उरते की कर्नल वाईटच होता आणि तुमचं नशीब चांगलं होतं. शंभर वेळा चालवलं तर ती शक्यता एका टक्क्याच्या खाली येते. एक चुकीचं 'गुड' आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या भलत्याच दिशेला. म्हणून शंभरचा लूप लावा आणि जेवायला जा. ॲप क्यूएमूमध्ये (आभासी मशीनमध्ये) चालण्यासारखं असेल तर 'बायसेक्ट रन' ला स्क्रिप्ट देऊन रात्रभर सोडून द्या.

तपासा: कमिट सापडलं की ते एकटंच रिव्हर्ट करून (मागे घेऊन) नवीन कर्नल बनवा. ॲप चाललं तरच पुढे बोला.

## ६. कळवा, पण नीट

खूप जणांना वाटतं की 'डॉक्युमेंटेशनमध्ये नव्हतंच तर आपण कुठल्या तोंडाने तक्रार करणार'. लिनक्समध्ये हिशोब उलटा आहे. लिहिलेलं होतं का हे विचारत नाहीत, खरा माणूस खरं ॲप वापरत होता आणि ते नव्या कर्नलने मोडलं का, हे विचारतात. मोडलं असेल तर तो रिग्रेशन. इतर ठिकाणी असं नाही: २०१६ मध्ये मॅकओएस सिएरात वेळ विचारायच्या कॉलची आतली रचना बदलली आणि थेट कर्नलला कॉल करणारे गो भाषेतले प्रोग्राम पडले, तिथे गो भाषेलाच १.६.३ आणि १.७ मध्ये दुरुस्ती करावी लागली आणि पुढे मुकाट्याने ॲपलच्या लायब्ररीतून जायला लागले.

तरी हे लिहून पाठवायच्या आधी:

- ताज्या मेनलाइनवर करून बघा, दुरुस्त झालंही असेल.
- 'टेंटेड' ची फाइल शून्य दाखवते का बघा. बाहेरचं मॉड्यूल लोड असेल तर पहिलं उत्तर 'ते काढून बघा' हेच येणार.
- बायसेक्ट केलेलं असेल तर त्या कमिटच्या लेखकाला आणि मेंटेनरला, सोबत रिग्रेशनच्या लिस्टला. विषयात 'रिग्रेशन' हा शब्द आणि आत रेगझबॉट या बॉटसाठीची 'इंट्रोड्यूस्ड' ओळ, म्हणजे तक्रारीचा माग राहतो.
- मेल साधा टेक्स्ट. एचटीएमएल मेल कर्नलच्या लिस्टवर परत फेकला जातो आणि तुम्ही महिनाभर उत्तराची वाट बघत बसता.
- लॉगमधून ग्राहकाचं नाव, आयपी, पासवर्ड काढा. एकदा गेलं की गेलं.

सोबत छोटासा नमुना प्रोग्राम द्या, वीस-तीस ओळींचा, जो जुन्यावर चालतो आणि नव्यावर पडतो. 'आमचं ॲप चालत नाही, अर्जंट' यावर कुणीही काही करू शकत नाही.

सुरक्षेसाठी केलेला बदल असेल तर मागे फिरवतील ही आशा कमी ठेवा. पॅरामीटर मिळेल फार तर.

## ७. ॲप सुधारा, कर्नलने माघार घेतली तरी

- आवृत्ती वाचून निर्णय घेऊ नका. कॉल करून बघा, एनोसिस आलं तर जुना रस्ता घ्या.
- एज-ट्रिगर्ड ईपोल असेल तर ईअगेन ('आत्ता काही उरलं नाही') येईपर्यंत वाचत राहा. अर्धवट वाचून 'पुढच्या घंटेला बघू' हे चालणार नाही.
- फाइल बदलताना: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल, तिला एफसिंक (डिस्कवर लिहायला लावणं), मग रिनेम, मग फोल्डरलाही एफसिंक. शेवटचा भाग नव्वदीतल्या जाडजूड कोडमध्येही नसतो आणि कालच्या कोडमध्येही नसतो.
- पानाचा आकार 'सिसकॉन्फ' ला विचारा.
- प्रोकमधली ओळ नावाने शोधा, 'सातवी ओळ' म्हणून नको, आणि नसली तर ॲप मरू नये.
- डिस्कचं नाव एसडीए धरू नका, यूयूआयडी (न बदलणारी ओळख) वापरा. फोल्डरमधल्या फाइली ठरावीक क्रमाने येतात असंही धरू नका, स्वतः सॉर्ट करा.
- 'शेड-यील्ड' (आपली पाळी सोडणं) मारून दुसरा थ्रेड पुढे जाईल यावर लॉक बांधलं असेल तर ते काढा. २.६.२३ मध्ये शेड्यूलर (कुणाची पाळी ते ठरवणारा) बदलला तेव्हा याच लोकांसाठी वेगळा सिसकंट्रोल (कर्नलचं सेटिंग) ठेवावा लागला होता आणि तो पुढे काढूनही टाकला.

सुधारल्यावर स्क्रिप्ट दोन टोकांवर चालवा: ग्राहकांकडे असलेला सगळ्यात जुना कर्नल आणि ताजी मेनलाइन, दोन्ही क्यूएमूमध्ये. मधले सहसा आपोआप सुटतात.

सगळं चाललं की पायरी ४ ला लावलेला होल्ड काढा, बूट ओळीत घातलेला पॅरामीटर काढा, अपडेट-ग्रब चालवा आणि एकदा रीबूट करून 'प्रोक-सीएमडीलाइन' वाचून बघा की तो खरंच गेलाय. वरच्या हिशोबवाल्या ग्राहकाकडे मी हे विसरलो होतो, पुढच्या वर्षी दुसऱ्याच कामाला गेलो तेव्हा 'व्हीसिसकॉल=एम्युलेट' तसाच बसलेला होता, कंटेनर काढून टाकून आठ महिने झाले होते.